ताण वाटून घेणाऱ्या कड्या

मित्रांनो, वय झाले तरी मी वाकते आणि पुन्हा सरळ होते. माझ्या वयाच्या माणसांना विचारा, हे किती अवघड असते ते! मी मासे धरायची काठी. दुकानात ढिगाने मिळते तशी नाही, एकाच माणसाच्या हाताला बेतून केलेली.

मला घडवले ते त्या माणसाच्या सुनेने. घराच्या मागच्या खोलीत ती काठ्या बनवायची, म्हणून सगळे तिला 'काठीवाली' म्हणत. तिचे सासरे बसगाड्यांचे मेकॅनिक होते. नोकरी संपल्यावर तळ्यावर गळ टाकून बसणे हाच त्यांचा विरंगुळा. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजव्या हातात जोर उरला नाही. जुनी काठी उचलवेना. मग ते दिवसभर खिडकीशी बसून राहत आणि कसे आहात विचारले तर "बरंय" एवढेच म्हणत. हे सुनेला बघवेना, म्हणून तिने मला करायला घेतले.

मित्रांनो, मुठीजवळ दोरी गुंडाळायची चरखी असते; तिच्यातून निघालेली दोरी माझ्या अंगावरच्या कड्यांतून शेंड्यापर्यंत जाते. चरखीजवळची कडी सर्वांत मोठी, पुढच्या लहान होत जातात. कड्या कमी लावल्या तर मी हलकी राहते. पण मासा ओढू लागला की दोरी माझ्या बाकाबरोबर वळत नाही, सगळा भार एकाच जागी येतो आणि तिथे मी मोडू शकते. कड्या वाढवल्या तर भार वाटला जातो, पण शेंडा जड होतो. सासऱ्यांच्या हाताला जड चालणार नव्हते. काठीवाली चांगलीच पेचात पडली.

तिने कड्या आधी चिकटपट्टीने नुसत्या धरून ठेवल्या. शेंड्याला वजन टांगून मला वाकवले आणि एक डोळा मिटून दोरी कशी जाते ते पाहिले. एक कडी बोटभर खाली सरकवली, पुन्हा वजन टांगले. मग सासऱ्यांच्या हातात माझी मूठ दिली.

"शेंडा जड लागतोय गं," ते म्हणाले.

तिने शेंड्याकडच्या कड्या काढून अगदी बारीक, हलक्या कड्या आणल्या. पुन्हा पहिल्यापासून मांडणी. एका दुपारी मात्र सासऱ्यांनी मला उचलले ते खाली ठेवेनातच. तेव्हा कुठे तिने कड्यांचे पाय दोऱ्याने घट्ट गुंडाळून वर चकचकीत थर दिला.

पुढची वर्षे सुखाची गेली. सून त्यांना तळ्यावर नेई, घरी आल्यावर ते मला ओल्या फडक्याने पुसत. मग एका सकाळी गार वारा सुटला, म्हणून ती त्यांची शाल आणायला घरी गेली. परतली तेव्हा ते झाडाला टेकून शांत बसलेले होते. दोरी पाण्यातच होती. ते गेले होते.

त्यांचा मुलगा ट्रक चालवायचा. तो लांबून धावतपळत आला आणि बायकोला म्हणाला, "तू ती काठी केली नसतीस, तर बाबा घरात असते."

मला माळ्यावर ठेवून तिने मागची खोली बंद केली. त्यानंतर दोघांचे बोलणे मीठ संपले, दार लाव, एवढ्यावर आले. माळ्यावर कुणीतरी माझ्यावर ट्रंक सरकवली. ती माझ्या एका कडीला लागली, पण कुणाच्या लक्षात आले नाही.

कित्येक वर्षांनी, घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा करताना मी मुलाच्या हाती लागले. तो बराच वेळ मला धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गुपचूप तळ्यावर घेऊन गेला. मासा लागला की दोरी तुटे. संध्याकाळी तो बायकोपुढे येऊन उभा राहिला.

"दोरी सारखी तुटतेय. बघतेस का जरा?"

तिने मागची खोली उघडली. प्रत्येक कडीतून कापूस फिरवला. एकीत तो अडकला. "चीर गेलीय, तिथेच दोरी कापली जातेय. कडी बदलावी लागेल," ती म्हणाली. नवी कुठे बसवायची हे कसे कळते, असे त्याने विचारले. तिने त्याला वजन धरायला लावले. मी वाकले. ती कडी हळूहळू सरकवू लागली.

खाली मान घालून तो म्हणाला, "त्या दिवशी बाबा काही बोलले होते का?"

तिचा हात थांबला. "पाणी आज छान आहे म्हणाले. आणि तुला सुट्टी मिळाली की घेऊन यायचं म्हणाले."

"मी तुला कधी विचारलंच नाही."

"आता विचारलंस ना," ती म्हणाली. "वजन हलवू नकोस."

त्याने वजन दोन्ही हातांनी धरले. तिने आपला हात त्याखाली धरला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वस्तू माळ्यावर पडली असेल, तर तिला खाली काढा, पुसा, कुठे चीर गेली आहे का ते पाहा. आणि घरातल्या माणसांनाही अधूनमधून विचारत जा. आम्हा वस्तूंना थांबायची सवय असते. माणसांना तेवढा वेळ नसतो.