वखारीतलं बोचकं

"ते बोचकं नको, कोंडी. ते राहू दे तिथंच."

मथुराबाई असं म्हणेपर्यंत कोंडीने बोचकं उचललंही होतं. जुन्या लुगड्याची गाठ सैल होती. ती सुटली आणि एक लहान दुलई, दोन सदरे आणि मूठभर वाळका कडुलिंबाचा पाला जमिनीवर पडला.

कर्जतजवळच्या दहिवलीतली ही आबाजीशेटची भाताची वखार. त्या चैत्रात तिच्यात मुंबईचं सामान भरलं होतं. जपानी विमानं बॉम्ब टाकणार म्हणून मुंबईची माणसं बायकामुलांना घेऊन कर्जत-नेरळकडे आली होती. राहायला एखादी खोली मिळे, सामानाला जागा नसे. आबाजीशेटने वखारीत बांबूचे तट्टे बांधून कप्पे पाडले आणि ते भाड्याने दिले. कोंडी एरवी गिरणीवर भात पाखडायची. आता ती लोकांचं सामान लावून द्यायची. जड खाली, हलकं वर, वाळवी लागू नये म्हणून कपाटांच्या पायाशी राख. मथुराबाईंचं सामान कालच आलं होतं. बैलगाडीवरून ते तिनेच उतरवून घेतलं होतं.

पाला किडीसाठी घातला असेल, असं समजून कोंडी खाली वाकली. दुलईच्या अस्तराला काळपट खपल्या चिकटल्या होत्या. तिचा हात जागच्या जागी थांबला.

अशा खपल्या तिने पाहिल्या होत्या. लहानपणी तिला देवी आल्या तेव्हा शेजारी तिचा भाऊ निजला होता. ती उठली, तोंडभर वण घेऊन. भाऊ उठला नाही.

"बाय, पोराला देवी आल्या व्हत्या?"

मथुराबाई तट्ट्याला धरून खाली बसल्या.

"आमचा दिगू," त्या म्हणाल्या. "शिमग्याच्या आधी गेला. सगळं जाळून टाक म्हणाले हे. टाकलं म्हणून सांगितलं मी. पण एवढं... एवढं माझ्यानं झालं नाही गं."

"मला सांगायचं तरी व्हतं."

"सांगितलं असतं तर जागा कुणी दिली असती?"

कोंडीला राग यायलासुद्धा सवड नव्हती. तिला कालची संध्याकाळ आठवत होती. सामान उतरवून ती त्याच लुगड्यात घरी गेली होती. लेक गोदा बाळंतपणाला आली होती. नात महिन्याचीही नव्हती. कोंडीने तिला मांडीवर घेतलं होतं, पदराने तिचं तोंड पुसलं होतं.

ती दुलईपासून मागे सरली.

"उचला," ती म्हणाली. "नदीवर चला."

उल्हासच्या वाळूत दोघींनी ते सगळं जाळलं. दुलईतला कापूस लवकर पेटेना, नुसता धुमसत राहिला. एक सदरा मथुराबाईंनी पदराखाली धरला होता. कोंडीने तो पाहिला.

"तो बी टाका."

"एवढा एकच राहू दे, कोंडी. तुझ्या पाया पडते."

"तुमचा गेला, बाय. माझी नात अजून हाय."

मथुराबाईंनी सदरा टाकला आणि तोंड फिरवलं. कोंडी नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली. अंग लाल होईपर्यंत वाळूने घासत राहिली.

ती घरी गेली, पण कुंपणाच्या आत गेली नाही. बाहेरूनच तिने हाक मारली. गोदा बाळाला घेऊन बाहेर आली.

"थांब! जवळ येऊ नको गं!"

कोंडीने सगळं सांगितलं. ऐकताना गोदाने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

"आये, काल तू हिला मांडीवर घेतलीस."

"घेतली गं."

"तोंड पुसलंस हिचं. पदरानं."

कोंडीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"कर्जतच्या दवाखान्यात देवी टोचून घे हिला," ती म्हणाली. "तू बी घे. आत्ता जा. वाटंत कुनाच्या वट्यावर बसू नको."

गोदा तशीच, अनवाणी निघाली.

कोंडी वखारीच्या पडवीत राहिली. मथुराबाईंनी आबाजीशेटला स्वतः जाऊन सांगितलं. त्यांना कुणी सांगायला लावलं नव्हतं. शेट पुष्कळ ओरडला. त्याने सगळ्यांचं सामान उन्हात काढलं, टोचणाऱ्याला वखारीवर बोलावलं आणि मथुराबाईंना जागा सोडायला लावली. कोंडीला देवी एकदा येऊन गेल्या होत्या, म्हणून तिने एकटीने त्यांचं कपाट, पलंग, भांडी गाडीवर चढवली. गाडीवाला लांब उभा राहून पाहत होता.

"नात कशी आहे?" मथुराबाईंनी विचारलं.

"अजून बरी हाय."

त्यांनी हात जोडले. कोंडीने सामानाची दोरी आवळून बांधली. गाडी निघून गेली.

रोज सकाळी गोदा रस्त्यापलीकडच्या आंब्याखाली येऊन ओरडायची, "बरी हाय, आये!" तेवढ्यावर कोंडी दिवस काढायची. कपाटं पुसायची, ट्रंका एकावर एक रचायची, मध्येच थांबून रस्त्याकडे बघायची. डोळ्यांपुढे बाळाचं तोंड यायचं, आणि त्यावर आपल्यासारखे वण दिसायचे.

एके सकाळी गोदा आली ती बाळाला पदराखाली घट्ट धरून.

"काय झालं गं?"

"अंग तापलंय हिचं."

"टोचल्याचा ताप असंल. दंड सुजलाय का?"

"सुजलाय. पन आये, मला भ्या वाटतंय."

"तोंडावर काय उठलंय का? बघ. नीट बघ."

"नाय."

दुसऱ्या सकाळी आंब्याखाली कुणीच आलं नाही. ऊन चढेपर्यंत कोंडी उभी होती. मग ती कुंपणापर्यंत गेली. दाराला कडी होती. शेजारची चिंधी आपल्या अंगणातूनच म्हणाली, "जावई आला व्हता. गाडीत घालून नेली दोघींना, खालापूरला."

"पोर कशी व्हती?"

"रडत व्हती."

रडत होती म्हणजे जीव होता. कोंडी तेवढंच धरून परत फिरली.

पुढे खालापूरहून निरोप आला नाही. कोणाला विचारायची तिला हिंमत होईना. देवी उठायला लागतात म्हणून जाणती माणसं सांगत तेवढे दिवस तिने जाऊ दिले, भीतीपोटी आणखी काही जाऊ दिले. मग पहाटेच उठून ती खालापूरला चालत गेली. गाव जवळ आलं तशी ती सावकाश चालू लागली.

ओटीवर बाळाची झोळी बांधलेली होती. झोळीत कोणी नव्हतं. कोंडी अंगणातच मटकन खाली बसली.

तेवढ्यात घरात बाळ रडलं. गोदा बाळाला खांद्यावर घेऊन धावत बाहेर आली. बाळाचं तोंड कोवळं, स्वच्छ होतं. दंडावर टोचल्याची एकच खूण होती.

मागून गोदाची सासू बायजा आली. ती दारातच थांबली.

"नाव ठेवलं," ती म्हणाली. "आवडी. तुमाला निरोप नाय धाडला."

"बरं केलंत, विहीणबाय."

"आमाला भ्या वाटलं."

"मला बी."

बायजाने गोदाच्या खांद्यावरून बाळाला घेतलं आणि पुढे होऊन कोंडीच्या मांडीवर ठेवलं. आवडी हातपाय झाडत होती. तिने कोंडीच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि थोड्या वेळाने झोपली. कोंडी पाय लांब करून, न हलता बसून होती. तिचे दोन्ही हात मात्र तिने आवडीला न लावता दोहो बाजूंना जमिनीवरच टेकवून ठेवले होते.