तीन नंबरचं इंजिन

सनीदादाचा समोरचा दात माझ्यामुळे पडला. पाडला माझ्या बाबांनी, नुसत्या मुठीने, पण पडला माझ्यामुळे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजायला नको.

सुरुवात मात्र आनंदाने झाली. आमच्याकडे आनंदसुद्धा मारामारीसारखाच होतो. गुरुवारी संध्याकाळी सनीदादा तीन-तीन पायऱ्या गाळत माळ्यावर आला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "अल्को! अल्को काढतायत!" कोइमतूरच्या एका नव्या कंपनीने जाहीर केलं होतं. जुन्या अल्को डिझेल इंजिनाचं मॉडेल, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, वीतभर लांब, आणि आवाजासकट! फकिरामामांनी बाबांच्या पाठीत असा गुद्दा घातला की बाबांचा चहा थेट टेबलावरच्या आमच्या मनमाड स्टेशनवर सांडला. बाबांनी उलटून त्यांच्या पोटात कोपर मारलं. चिमाजीकाका अडुसष्ट वर्षांचे, पण त्यांनी काठीने पत्र्याची भिंत अशी बडवली की खालचा वॉचमन धावत आला. आणि मी हातात झाडू घेऊन नाचता नाचता ट्यूबलाइट फोडली. अंधारात सगळे हसत होते आणि काचांवरून चालत होते.

आम्ही म्हणजे एवढेच पाच जण. सातपूरला बाबांचं टर्निंगचं वर्कशॉप आहे. खाली लेथ, वर माळा, आणि माळ्यावर अठरा फुटांची आमची रेल्वे, मनमाड ते कोपरगाव. कारण चिमाजीकाकांनी त्याच लाइनीवर एकतीस वर्षं गाडी चालवली, खरी गाडी, खऱ्या अल्कोने. आता तिथे विजेच्या तारा आल्या आणि त्यांची इंजिनं भंगारात गेली. फकिरामामा वेल्डर. ते काही माझे सख्खे मामा नाहीत, पण मामाच. अंकाईचा डोंगर त्यांनी बनवला आणि हौसेने त्याला बोगदा पाडला.

"एकतीस वर्षं गेलो तिथून, बोगदा मला कधी दिसला नाय," चिमाजीकाका दर रविवारी म्हणतात.

"झोपलेले असाल तुमी," फकिरामामा दर रविवारी उत्तर देतात.

सनीदादा बावीस वर्षांचा. अंबडला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि चार वर्षं आमच्या गाड्यांचा ड्रायव्हर तोच. मी दहावीत. मी झाडू मारायची, वायरी धरायची आणि गप्प बसायची. पण गेल्या उन्हाळ्यात मी काकांकडे ड्रायव्हरची परीक्षा मागितली. त्यांनी मला प्रत्येक सिग्नल, प्रत्येक वळण, प्रत्येक पुलाची वेगमर्यादा डोळे मिटून म्हणायला लावली. एक चुकलं की काठी टेबलावर, माझ्या बोटांपासून इंचभर लांब. दिवाळीत त्यांनी मला पास केलं. त्या दिवसापासून मी जिना चढताना पाय आपटत चढते.

तर, कंपनीकडे त्या अल्कोचा हाताने बनवलेला एकच नमुना होता आणि तो गावोगावच्या आमच्यासारख्या रेल्वेवेड्या मंडळींकडे फिरत होता. आमच्याकडे शनिवार ते सोमवार. आम्ही अर्धा तास न थांबता लाइव्ह व्हिडिओ दाखवायचा. ज्यांची लाइन कंपनीला सगळ्यात आवडेल तिथे इंजिनाचं मोठं शूटिंग होणार होतं.

"चालवणार कोण?" बाबांनी विचारलं.

काकांनी काठी उचलली आणि टोक माझ्या छातीवर ठेवलं. "राखी."

सनीदादाने स्टुलाला लाथ घातली. स्टूल जिन्यावरून ठणठणत खाली गेलं. "पोरीला? काका, लाइव्ह आहे ते! लोकं बघणार!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "तुझं थोबाड कोण बघणार?"

सगळे हसले. सनीदादा नाही हसला. मला इतकं भारी वाटलं की रात्री झोपच आली नाही.

रविवारी सकाळी इंजिन खोक्यातून निघालं. लाल, क्रीम पट्ट्याचं, छोट्या छोट्या कठड्यांचं. काकांनी ते तळहातावर घेतलं. दोनदा नाक पुसलं.

नवीन इंजिन पहिल्यांदा निघतं तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवतात. आता एवढ्याशा इंजिनाला लिंबू केवढं? बाबांनी हिशेब केला. "चार सेंटिमीटर भागिले सत्त्याऐंशी. अर्धा मिलिमीटर. म्हणजे खसखस."

"खसखस दिसती का डोळ्यांना?" फकिरामामांनी खिशातून पुडी काढली. "मोहरी आणलीये मी. मोहरीच ठेवायची."

"मोहरी म्हणजे कलिंगड झालं की! चाकाखाली कलिंगड ठेवतात का?"

"तुमच्या बापाने ठेवलं असंल!"

बाबांनी मामांची कॉलर धरली. मामांनी बाबांचं मनगट पिरगाळलं. दोन बटणं तुटून बीडच्या दिशेने गेली, म्हणजे नकाशात बीड जिथे आलं असतं त्या भिंतीकडे. मोहरी सगळ्या रुळांवर सांडली आणि ती चिमट्याने एक एक वेचायला अर्धा तास गेला. मामांच्या गळ्यावर बाबांच्या नखांचे चार ओरखडे उठले होते. शेवटी काकांनी खसखशीचा एक दाणा ठेवला. कुणालाच दिसला नाही. सगळ्यांनी नमस्कार केला.

त्या अर्ध्या तासामुळे उशीर झाला होता. सनीदादाने फोनवर लाइव्ह चालू केलं होतं आणि माणसं जमत होती. चाळीस, पन्नास, सत्तर.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि तिला एक नंबर असतो, फोन नंबरसारखा. कंट्रोलरवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन ऐकतं. कारखान्यातून येणारं प्रत्येक इंजिन मात्र तीन नंबर घेऊनच येतं. म्हणून पहिलं काम, त्याला वेगळ्या तुकड्यावर ठेवून नवा नंबर द्यायचा. पाच मिनिटांचं काम. मी ते एकटीने कधी केलं नव्हतं. नेहमी सनीदादा करायचा.

"राखी, नंबर बदललास का गं?" सनीदादाने कॅमेऱ्यामागून विचारलं.

सत्तर माणसांसमोर मी याला म्हणू, की मला येत नाही, तू करून दे?

"हो," मी म्हटलं. "केव्हाच."

मी तीन नंबर दाबला आणि वेगाचं चाक फिरवलं. अल्को खोल घशातून गुरगुरली, आणि निघाली. देवा शप्पथ, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काकांनी डोळे मिटले. मी मनमाड सोडलं, अंकाईचा बोगदा पार केला, येवल्याचं वळण घेतलं. पुढे कोपरगावचा पूल, टेबलाच्या अगदी कडेला. पुलाची मर्यादा वीस. मी साठवर होते, कारण सत्तरची शंभर माणसं झाली होती.

बोगद्यातल्या बाजूच्या रुळावर सनीदादाचं इंजिन उभं होतं. भंगारातले तुकडे जोडून दोन वर्षांत त्याने ते स्वतः बनवलं होतं. शनिवारी त्याने त्याची चिप पुसून दुरुस्त केली होती. चिप पुसली की नंबर परत तीन होतो. तो नवा नंबर रविवारी संध्याकाळी घालणार होता. हे त्याने माझ्यासमोरच बाबांना सांगितलं होतं. मी वायर धरून उभी होते.

तीन नंबर ऐकून तेही निघालं होतं, आणि सगळे अल्कोकडे बघत असताना बोगद्याच्या उलट्या तोंडातून बाहेर पडून मागच्या रुळाने फिरून समोरून आलं. मला दिसलं तेव्हा दोन्ही पुलावर होती.

धडक इतकी जोरात बसली की कठडे उडून माझ्या गालाला लागले. अल्कोचं नाक फाटलं, ती मागच्या चाकांवर उभी राहिली, पुलाचे खांब मोडत आडवी झाली आणि दुसऱ्या इंजिनाला घेऊन चार फूट खाली फरशीवर आदळली. तरी साठलेल्या जोराने आतली मोटर काही क्षण फिरत होती. चाकं हवेत खरखरत होती.

मग बाबा सनीदादाकडे वळले. "फोनवरून चालवलंस तू! तुझं इंजिन! पोरीच्या हातात गेलं म्हणून जळतोयस!"

फोनवरूनही गाड्या चालतात, हे खरं आहे. आणि फोन त्याच्याच हातात होता.

"मी फक्त शूट करत होतो! तिचा नंबर—"

फकिरामामांनी त्याला मागून कवळलं. सनीदादाने डोकं मागे आपटलं, मामांच्या भुवईवर. भुवई फुटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. मामा बैलासारखे ओरडले आणि दोघं अंकाईच्या डोंगरावर पडले. डोंगर मोडला. काकांची काठी कुणाच्या पाठीत बसत होती ते काकांनाही कळत नव्हतं. सनीदादाच्या हाताला गरम सोल्डरिंग गन लागली, मांस जळाल्याचा वास आला, आणि त्याने रुळाचा एक तुकडा उचलून बाबांच्या खांद्यावर हाणला. फोन जमिनीवर पडला होता, छताकडे तोंड करून. लाइव्ह चालूच होतं. कुणीतरी लिहिलं होतं, "मारा त्याला."

मी काय करत होते? मी स्टुलावर बसले होते. कंट्रोलर माझ्या हातात होता. मला एवढंच दिसत होतं की मी गप्प राहिले तर हे स्टूल माझंच राहणार. सगळ्यांनी माझं 'हो' ऐकलं होतं.

"तिला विचारा!" सनीदादा गुदमरत ओरडला. बाबांनी त्याचा गळा धरला होता. "तिने नंबर बदललाच नाही! विचारा ना तिला!"

"माझी पोरगी खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी मूठ मारली.

दात कोपरगावच्या फलाटावर पडला, छोट्या छोट्या प्रवाशांच्या मधोमध, एखाद्या पांढऱ्या पेटीएवढा.

बाबांनी मूठ परत मागे नेली तेव्हा मी उडी मारली. त्यांच्या पाठीवर चढले, खांद्याला कडाडून चावले. शर्टातून घामाची खारट चव लागली. "मी बोलले खोटं! मी! नंबर तीनच होता! मला येत नव्हतं!"

बाबा थांबले. मला खाली टाकलं आणि माझ्या तोंडात मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. माझा ओठ फुटला. हात परत उठला, आणि तो मी धरला. दोन्ही हातांनी, मनगटाजवळ, खूप जोर लावून. लेथ चालवणारा हात आहे तो. पण सोडला नाही मी.

"बास, बाबा. एक बरोबर होती. आता बास."

त्यांनी हात सैल सोडला. मग ते खालीच बसले, मोडक्या डोंगराच्या, मोहरीच्या आणि रक्ताच्या मधे.

फकिरामामांनी भुवईवर फडकं दाबलं. सनीदादाने तोंडातलं रक्त थुंकलं आणि आपलं चेपलेलं इंजिन उचललं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मार.

त्याने मारलं नाही. "स्टॉप का नाही दाबलंस?" तो बोबडं बोलत होता. "दोघांचा नंबर एकच होता. तू स्टॉप दाबलं असतंस तर दोन्ही थांबली असती, येडे."

हे मात्र बाबांच्या हातापेक्षा जोरात लागलं.

"पास रद्द," चिमाजीकाका म्हणाले. "उद्यापासून झाडू. सनीच्या हाताखाली."

"हो काका."

"कंपनीला काय सांगायचं?" फकिरामामांनी विचारलं.

"कुरिअरमधे तुटून आलं म्हणू," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "मी करतो फोन."

"लाइव्ह चालू होतं, जयराम. अन् चालू नसतं तरी." काकांनी फरशीवरचा फोन उचलला, स्क्रीनला तडा गेला होता. "अपघाताचा पहिला फोन ड्रायव्हर करतो. मी तीनदा केलाय. एकदा माणूस गेला होता."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. आताच तर पास रद्द झाला होता माझा. पण गाडी चालली तेव्हा मीच ड्रायव्हर होते, ते काही कुणाला रद्द करता येणार नव्हतं.

मी नमुना पाठवणाऱ्या माणसाचा नंबर लावला. ओठ सुजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. मी शाळेतल्या हिंदीत सगळं सांगितलं. तीन नंबर, साठचा वेग, पूल, आणि माझं खोटं. त्याने एकच प्रश्न विचारला, की गाडी कोण चालवत होतं.

"मैं," मी म्हटलं. "राखी जयराम गांगुर्डे."

बाबा मान वर करून माझ्याकडे बघत होते. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. तो काय म्हणतो ते ऐकून घेतल्याशिवाय मी तो ठेवणार नव्हते.