हातोड्याचा डावा पाय

तोंडात टाचण्या धरून एलिहिओ शिंपी गुडघ्यावर बसला आणि विजारीची कड दुमडू लागला. स्टुलावर उभा होता बेसबॉल खेळणारा वांदेल, साऱ्या सान पेद्रो गावाचा लाडका ‘हातोडा’. समोरच्या किको न्हाव्यानं तर त्याचं चित्र दुकानाच्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं, हातात बॅट, चेंडू ढगांत. एकटा एलिहिओच गेली सहा वर्षं सांगत होता, की या पोराचं नाव त्याच्या मापापेक्षा चांगलं चार बोटं सैल शिवलंय.

“कड ठीकच आहे की रे,” टाचण्या काढून तो म्हणाला. “कशाला आलायस?”

वांदेलनं दाराकडे पाहून घेतलं. “काका, तुम्ही मला नावं ठेवता म्हणे.”

“ठेवतो. तोंडावरही ठेवीन.”

“तेच ऐकायला आलोय. बावीस वेळा बॅट घेऊन उभा राहिलो, दोनदाच बॉल नीट लागला. गावात कुणालाही विचारा, म्हणतात, वारा होता, पंच आंधळा होता. रविवारीही असाच खेळलो तर संघातून नारळ देतील.”

केळ्याचे तळलेले काप घेऊन शिंप्याची बायको नेरेइदा आतून आली. “विचार बाबा, यांनाच विचार,” ती हसू दाबत म्हणाली. “तुझा एक सामना चुकवत नाहीत. टीव्हीला नाक लावून बसतात, का तर म्हणे शिव्या द्यायला!”

एलिहिओचे कान लाल झाले. त्यानं वांदेलच्या खांद्यांवरून टेप फिरवली, पुन्हा एकदा फिरवली.

“डावा खांदा मागे ओढलायस. कधी लागलं होतं?”

“मागच्या हंगामात. बॉल बरगडीत बसला.”

“तेव्हापासून पिचरनं बॉल टाकायला हात उचलला की तुझा डावा पाय बाहेर पळतो. बॉल निघायच्या आधीच.”

वांदेल स्टुलावरून खाली उतरला. मग त्यानं कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि आरशासमोर उभा राहिला. एलिहिओनं दोऱ्याचं रिकामं रीळ त्याच्या बरगडीच्या रोखानं फेकलं.

“पळाला!” नेरेइदा ओरडली.

दुसरं रीळ. तिसरं. “पळाला! अगं बाई, परत पळाला!”

विसाव्या रिळाला पाय जागचा हलला नाही. गजाचा फटका बसलेलं रीळ दारातून सणसणत रस्ता ओलांडून गेलं आणि किकोच्या आरशावर जाऊन आदळलं. किको वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, तेव्हा ते तिघंही शिलाई मशीनच्या आड बसून तोंडं दाबून हसत होते.

रविवारी दुपारी एलिहिओ बायकोला घेऊन मैदानावर गेला. कित्येक वर्षांत त्यानं तिकीट काढलं नव्हतं. किको नेमका मागच्याच रांगेत होता.

वांदेल पहिल्यांदा बाद झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला पिचरनं हात उचलला आणि बॉल थेट बरगडीच्या रोखानं आला. एलिहिओ बॉलकडे पाहतच नव्हता. वांदेलचा डावा पाय मातीत घट्ट रोवलेला होता.

ठण्ण आवाज झाला. बॉल उंच, लांब गेला, अख्खं मैदान उठून उभं राहिलं. कुंपणाला पाठ टेकलेल्या खेळाडूनं उडी मारून तो झेलला.

बाद. लोक मुकाट्यानं खाली बसले. त्या शांततेत टाळ्यांचा आवाज येत होता, एकाच माणसाच्या. एलिहिओ उभा होता.

“लाज वाटू दे रे म्हाताऱ्या!” किको मागून कडाडला. “झालं ना एकदाचं तुझ्या मनासारखं?”

“हो,” एलिहिओ म्हणाला, “अगदी मनासारखं.” आणि टाळ्या वाजवतच राहिला.