खिडकीतलं भस्म

ढोलावर टिपरू पडलं आणि खिडकीतून भस्म गळायला लागलं. मठात दाटीवाटीनं बसलेल्या दोन-तीनशे माणसांचे हात एकदम पुढे आले. काही जण तर चारठाण्याहून एस.टी. बदलत आले होते. खिडकीच्या काचांमधल्या लाकडी पट्ट्यांतून पांढरट भुकटी झिरपत होती आणि खाली योगीराज महाराज परात धरून बसले होते.

"बघा लेकरांनो, इथं धुनी न्हाई, गवरी न्हाई, तरी भस्म. शुगर, मुतखडा, कोर्टकचेरी, सगळ्यावर चालतंय."

कोर्टाला भस्म कुठं लावायचं, हे कोणी विचारलं नाही.

भुजंग सुतार मागं खांबाला टेकून होता. त्यानं ते भस्म पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ही खिडकी त्याच्याच हातची. चौकटीला त्यानं गाभ्याचं सागवान घातलं, पण मधल्या पट्ट्यांना सालीलगतचं पांढरं, कच्चं लाकूड लावलं आणि वरून गडद पॉलिश मारून मोकळा झाला. अशा लाकडाला भुंगा लागतोच. त्याची अळी आतून पोखरत जाते, लाकडाचं बारीक पीठ करते. महाराजांनी ढोल मुद्दाम खिडकीला खेटून ठेवला होता. तो वाजला की पट्ट्या हादरत आणि पीठ गळे. पण हे सांगायचं तर आधी स्वतःची लबाडी सांगावी लागली असती. म्हणून महिनाभर तो तोंडाला कुलूप लावून बसला होता.

शेजारी त्याची थोरली बहीण छबूबाई बसली होती. शुगरच्या गोळ्या तिनं बंद केल्या होत्या आणि पायाच्या अंगठ्याजवळच्या जखमेत रोज हे भस्म भरत होती. सकाळीच उपकेंद्रातल्या उत्तरा सिस्टर बजावून गेल्या होत्या, "मामा, बोटं काळी पडायलीत. आज परभणीला न्या, न्हाईतर पाय जाईल."

"आक्का, चल ना परभणीला," भुजंग पुन्हा म्हणाला.

"आजचं भस्म तर घेऊ दे. तुझ्याच हातची खिडकी हाय रं. तुझ्या हाताला देव लागलाय."

भुजंगाला मान वर करवेना. मग तो उठला, थैलीतून पटाशी काढली आणि खिडकीपाशी गेला.

"भुजंगा, देवाच्या खिडकीला लोखंड लावू नको. कोप होईल," महाराज म्हणाले.

"माझ्यावरच व्हायला पायजे, महाराज."

त्यानं एक पट्टी उचकटली आणि गुडघ्यावर मोडली. परातीत भसकन पीठ सांडलं. पिठात एक पांढरी अळी वळवळत होती.

"देव कोणत्याबी रूपात..." महाराजांनी सुरुवात केली, पण मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि पुढचं राहिलंच.

"हे भस्म न्हाई. अळीनं खाल्लेलं लाकूड हाय," भुजंग म्हणाला. "पक्कं सागवान सांगून कच्चं मीच लावलंय."

भस्म चाटलेल्या बायका पदरानं जीभ पुसायला लागल्या. छबूबाईनं मात्र परातीकडं पाहिलंही नाही.

"तुला कधीपासून ठाऊक हाय?"

"पहिल्या दिवसापासून, आक्का."

तिनं आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं. मग तिनं हात पुढे केला. "उठव मला."

परभणीला तिची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. महाराज दुसऱ्याच दिवशी गाव सोडून गेले. भुजंगानं गावाचे डोळे उघडले, असं लोक म्हणतात. कोणी तोंडावर म्हटलं की तो तिथून उठून जातो. महिनाभर आधी बोललो असतो तर आक्काची बोटं शाबूत असती, हे त्याला ठाऊक आहे.

लाकडातून भस्म पडत नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याला हात लावून बघा, चार प्रश्न विचारा. आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं कोणी विचारायची वाट बघू नये. महाराजाला तेवढंच पुरतं, की माहीत असलेला माणूस गप्प बसावा.