खांद्यावरचा हात

भीमा पेंटरला कुणी चित्रकार म्हटलं की तो मागं वळून बघायचा, आपल्यामागं दुसरं कोण उभं आहे ते पाहायला. उभा जन्म त्याचा दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या कमानी आणि जयंतीचे बोर्ड रंगवण्यात गेला. मग फ्लेक्स आलं आणि सोलापुरातले सगळे पेंटर एका झटक्यात म्हातारे झाले. भीमाचं नशीब एवढंच, की त्याला फोटोवरून माणसं काढता यायची. त्यामुळं बुधवार पेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांत अजून गिऱ्हाईक यायचं. बहुतेक जण गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायचे, कारण जिवंत माणसाचं चित्र काढून घ्यायला हल्ली सवड असते कुणाला.

आता मात्र स्टँडवर लागलेला कॅनव्हास गिऱ्हाइकाचा नव्हता. लेकीचा, चैतालीचा साखरपुडा झाला होता, आणि लग्नात तिला आपल्या हातचं चित्र द्यायचं भीमानं ठरवलं होतं. मिक्सर, कपाट, भांडी नातेवाईक देतातच. आपण दिलेली वस्तू तिच्या भिंतीवर राहील, जाता-येता तिला दिसेल, असा त्याचा विचार. चैताली एका दवाखान्यात नर्स होती. तिची आई मीनाबाई गेल्यापासून घर तीच चालवायची आणि बापाला रागवायचं कामही तिच्याकडंच होतं. "आप्पा, मला जरा बारीक काढा हां," म्हणत तिनं साखरपुड्याचा फोटो त्याच्या हातात ठेवला होता. फोटोत ती निळ्या साडीत, शेजारी नवरदेव संघपाल, आणि संघपालचा हात तिच्या खांद्यावर.

संघपालला नाव ठेवायला जागा नव्हती. एमआयडीसीत कायमची नोकरी, दारूचं नाव नाही, बोलणं मऊ. मूळचा करमाळ्याकडचा, इथं एकटाच राहायचा. स्थळ चैतालीनंच आणलेलं, त्यामुळं भीमानं केलेली चौकशी म्हणजे त्याच्या चुलत्याकडं जाऊन चहा पिऊन येणं. लेक खूश आहे, मग आपण कशाला उकरत बसायचं, असं त्याला वाटलं. या वाटण्याचा त्याला पुढं फार राग आला.

भीमाची पद्धत जुनी. फोटोवर पेन्सिलीनं आडवे-उभे चौकोन पाडायचे, तेवढेच पण मोठे चौकोन कॅनव्हासवर पाडायचे, आणि फोटो उलटा धरून एकेक चौकोन भरत जायचं. उलटा अशासाठी, की सुलट धरला तर माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की हात त्याला गोरा करायला बघतो, हसरा करायला बघतो. उलट्या फोटोत नुसती सावली आणि उजेड. म्हणून भीमाला माणसांचे चेहरे कधी आठवायचे नाहीत. त्याला एखादा कान आठवायचा, एखादी भुवई आठवायची.

त्या दुपारी तो खांद्याच्या चौकोनापाशी आला. संघपालची तीन बोटं झाली. करंगळीला ब्रश लावला आणि त्याचा हात थांबला. करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली, आणि टोकाला नख नाही. मशीनमध्ये सापडली होती, असं संघपालनं पहिल्याच भेटीत सांगितलेलं, त्यामुळं त्यात नवं काही नव्हतं. पण ही करंगळी आपल्या हाताखालून एकदा गेलेली आहे, असं भीमाला वाटलं.

आठवायला वेळ लागला नाही. तीन-चार वर्षांमागं मोहोळहून बजाबाई नावाची बाई आली होती. तिची लेक गेली होती, प्रियंका. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चित्रासाठी बाईनं आणलेला फोटो फाडलेला होता. शेजारचा नवरा तिनं फाडून टाकला होता, पण त्याचा हात पोरीच्या खांद्यावर होता, आणि तो फाडायचा तर पोरीचा खांदाही गेला असता. म्हणून हात तेवढा राहिलेला. "ह्यो हात पुसा, तितं नुसता पदर दाखवा," एवढंच बाई म्हणाली होती. भीमानं दाखवला. दोन दिवस मोडले त्यात, कारण हात पुसायचा तर आधी तो बोट न् बोट नीट बघावा लागतो.

मशीनमध्ये काय एकट्याचीच करंगळी सापडते का, असं त्यानं स्वतःला बजावलं. एमआयडीसीत गेलं तर असली दहा बोटं सापडतील. पोरगी कशानं गेली ते आठवून बघितलं, तर काही आठवेना. आठवणार कुठून, त्यानं विचारलंच नव्हतं. गेलेलं माणूस कशानं गेलं ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, हा त्याचा नियम. भला माणूस म्हणवून घ्यायची ही त्याची सवय, आणि आज ती त्याच्या गळ्याशी आली होती.

रविवारी सकाळी चैतालीला रंग आणायला जातो असं सांगून तो मोहोळच्या एसटीत बसला. साखरपुड्याच्या फोटोतला फक्त हात त्यानं मोबाइलमध्ये काढून घेतला होता. चेहरा मुद्दाम घेतला नाही. बाईच्या तोंडात आपण काही घालायला नको, असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे बाईनं मान हलवून "मला न्हाय बाबा ठावं" म्हणावं, यासाठी त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

बजाबाई बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली होती. पेंटरला तिनं लगेच ओळखलं, बसायला पोतं सरकवलं. भीमानं मोबाइल पुढं केला. बाईनं डोळे बारीक करून पाहिलं आणि मोबाइल पोत्यावर पालथा ठेवला.

"ह्यो मी तुमाला पुसाय सांगितला व्हता की," ती म्हणाली. "पुसला न्हाय व्हय तुमी?"

"पुसला की अक्का. ह्यो दुसरा फोटो हाय."

बाईचे हात जुडी बांधता बांधता थांबले. "कुणाच्या खांद्यावर हाय आता?"

"माज्या लेकीच्या."

एक गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेलं, बजाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मग तिनं तांब्यातलं पाणी भीमापुढं ठेवलं आणि खालच्या आवाजात सांगायला लागली. उन्हाळा होता. पोरगी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेली आणि पाय घसरून पडली, असं सगळे म्हणाले. सासरचे म्हणाले, शेजारी म्हणाले, तसेच कागद झाले.

"माजी पिरी स्टुलावर चढाय भ्यायची, पेंटर. माळ्यावरचा डबा काढायचा तर मला हाक मारायची. गच्चीवर जीव गेला तरी गेली नसती ती." बाईनं पदरानं तोंड पुसलं. "पण आईचं बोलणं कोण धरतंय. तो संघपाल तर माज्या पायावर डोकं ठिवून रडला. आमच्यातलेच लोक त्याला पाणी पाजत व्हते."

नाव तिनं आपणहून घेतलं होतं. आता भीमाकडं स्वतःला बजावायला काही उरलं नाही. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला आणि सोलापूर कधी आलं ते त्याला कळलं नाही. मनात एकच होतं, लग्नाआधी पोरगी ह्या माणसाच्या हातातून सोडवायची. आणि चैताली ऐकणार नाही याची त्याला भीती वाटत होती, कारण ऐकून घेण्याची सवय तिला नव्हती. ती त्यानंच लावली नव्हती.

घरी आला तेव्हा चैताली आवरून बसली होती. दर रविवारी संध्याकाळी संघपाल मोटारसायकल घेऊन यायचा आणि दोघं लग्नाच्या खरेदीला जायची. भीमानं चप्पलही न काढता सगळं सांगितलं. फाडलेला फोटो, मोहोळ, गच्ची, सगळं. चैताली ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, चिडलेपण होतं.

"त्याचं आधी लग्न झालं होतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं. पटलं नाही, फारकत झाली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता की, म्हणून गप्प बसले."

"आन् ती कुटं असती आता?"

"पुण्याला. तिनं दुसरं लग्न केलंय."

"पोरी, ती मोहोळला हाय. भिंतीवर. मीच काढलीया तिला."

चैताली उठून खिडकीपाशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "एका करंगळीवरनं, आप्पा? एका म्हातारीच्या बोलण्यावरनं?" आवाज मोठा होता पण त्यात जोर नव्हता. वाद घालणं भीमाला कधी जमलं नव्हतं. त्याला जे येत होतं ते एकच. त्यानं कपाटातून साखरपुड्याची निळी साडी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"ह्यो पदर खांद्यावर घे जरा."

"आत्ता? कशाला?"

"चित्र पुरं करायचंय. घड्या जमंनात मला."

काय सुचलं कोण जाणे, तिनं पदर घेतला आणि स्टुलावर बसली. भीमानं फोटो टेबलावर टेकवला, या खेपेला सुलट. फोटोत संघपालच्या प्रत्येक बोटाखालून पदर चुरगळून मानेकडं गेलेला होता. भीमानं आपला हात लेकीच्या खांद्यावर तसाच ठेवला, बोटाच्या जागी बोट. पदर सपाटच राहिला. त्यानं थोडा दाब दिला. एक घडी पडली आणि उलगडली. त्यानं आणखी दाबलं.

"आप्पा, दुखतंय."

"अजून तशा पडल्या न्हाईत," भीमा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण हात त्यानं उचलला नाही. चैतालीनं फोटोकडं पाहिलं. फोटोत ती हसत होती, आणि तिचा तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेलेला होता.

"तिथं नको," ती हळूच म्हणाली. "तिथं काळंनिळं आहे. परवाचं."

भीमानं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. चैताली मान खाली घालून सांगत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांशी ती हसून बोलली होती, तेवढंच. घेऊन जायला आलेल्या संघपालनं ते पाहिलं. वाटेत मोटारसायकल थांबवली. नंतर माफी मागितली, पाया पडला, रडला. त्याच्या रडण्याचं तिलाच वाईट वाटलं होतं.

"आमच्याकडं रोज येतात असल्या बायका," ती म्हणाली. "पाय घसरला म्हणून सांगतात. मी लिहून घेते."

तिचा मोबाइल वाजायला लागला. दोघंही त्याच्याकडं बघत राहिले. वाजून वाजून तो बंद पडला, परत वाजला, परत बंद पडला. मग खाली गल्लीत मोटारसायकल येऊन थांबली. कुणीतरी शेजाऱ्याशी हसून दोन शब्द बोललं, तो मऊ आवाज दोघांनीही ओळखला. पाठोपाठ जिन्यावर बूट वाजायला लागले, घाई नसल्यासारखे.

"आप्पा," चैताली म्हणाली, "दार लावा."

भीमा उठला. कडी जुनी होती, एरवी कधी लागतच नव्हती. त्यानं खांद्यानं दार रेटून धरलं, चैतालीही येऊन शेजारी टेकली, तेव्हा कुठं कडी बसली.