उचकी

"लागली बघा उचकी!" फिटर ओरडला आणि हॉलमध्ये हशा पिकला. "कोण आठवण काढतंय हिची?"

"वरचे तारे. दुसरं कोण!"

'ही' म्हणजे माणसांना अंतराळात नेणारी कॅप्सूल. तिच्या आतल्या ऑक्सिजनच्या दाबाची रेघ पडद्यावर क्षणभर खाली आली होती आणि कोणी हात लावायच्या आत वर जाऊन सरळही झाली होती. जी खूण एकदाच दिसते, जिचं कारण सापडत नाही आणि जी पुन्हा चाचणी केल्यावर येत नाही, तिला या हॉलमध्ये उचकी म्हणत. शब्द मोठ्या साहेबांचा. उचकी म्हटलं की माणसं हसत, आणि हसली की पुढच्या कामाला लागत.

"मान्य ना, वहिनी?"

तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा याच हॉलमधला. तो गेला तरी नाव राहिलं. केबिनमधल्या हवेची जबाबदारी आता तिच्याकडे होती, आणि तिने तोंडाने 'मान्य' म्हटल्याशिवाय कॅप्सूल जागची हलत नसे.

"अमान्य," ती म्हणाली.

हशा थांबला. फिटर जवळ आला. "अहो, चाचणी परत करून बघितली की. काहीच सापडलं नाही."

"म्हणजे आपल्याला माहीत नाही, एवढं सापडलं."

थोड्याच वेळात मोठे साहेब खाली आले. या उड्डाणानंतर ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणाचा सराव ते कारमध्ये करतात, असं त्यांच्या ड्रायव्हरनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पांढरे झगे टांगलेल्या खोलीत त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, अजून तो जुना राग धरून बसलात?"

"हो."

"निदान नाही तरी म्हणायचं!"

"कशाला? खरं तेच सांगते."

तिचा नवरा चाचणीच्या चेंबरमध्ये वारला होता. आधीच्या चाचणीत अशीच रेघ खाली येऊन वर गेली होती, असेच सगळे हसले होते. मग दुसऱ्या दिवशी तो आत बसला आणि हवा निघून गेली. चौकशी साहेबांनी केली. व्हॉल्व्ह उघडताना त्याचाच हात घसरला, असा निष्कर्ष निघाला. घरी नळ बंद केल्यावर खाली बोट धरून थेंब येतो का पाहणारा माणूस तो. तिने त्यानंतर प्रयोगशाळेतली बरी नोकरी सोडून ही जागा मागून घेतली. सूड हा शब्द तिला भडक वाटे. पण दुसरा अचूक शब्द मिळेना, आणि अचूक शब्दाशिवाय तिला चैन पडत नसे.

"तुम्ही माझ्यावर सूड उगवताय," साहेब म्हणाले. "माझं शेवटचं उड्डाण आहे म्हणून."

"उगवतेय. पण माझा राग व्हॉल्व्हला कुठे माहीत आहे? रेघ मी नाही खाली ओढली."

"दुपारी तिघं अंतराळवीर चाचणीसाठी आत बसणार आहेत दार लावून. त्यांना काय सांगू? बाईंना भीती वाटते?"

"सांगा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते तरातरा हॉलमध्ये परत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनींना फारच धास्ती वाटत असेल, तर अंतराळवीरांच्या आधी मी बसतो आत. मग तर झालं?"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिने नाही वाजवल्या. हे वाक्य साहेब कधीतरी बोलतील, याची ती वाट पाहत होती. असली वाक्यं बोलूनच ते मोठे झाले होते.

"बसा," ती म्हणाली.

साहेब आत बसले. फिटरने पट्टे आवळले, बाहेर येऊन दारावर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने हेडफोन कानाला लावला. या चाचणीत जे बोललं जाई ते हॉलभर ऐकू येत असे.

"साहेब, दार लावू?"

"एक मिनिट."

"कशाला? उचकीच आहे ना?"

फक्त श्वास ऐकू येत होता, आधी संथ, मग भरभर.

"साहेब, त्या दिवशी चेंबरमध्ये त्याचा हात घसरला होता?"

फिटरने मान खाली घातली. कोणीतरी पुटपुटलं, "वहिनी, पुरे आता." तिने ऐकलं आणि थांबली नाही.

"दार उघडं आहे. उठून जाऊ शकता. मी नुसतं विचारतेय."

"माहीत नाही," साहेब म्हणाले.

"अहवालात तर लिहिलंय."

"माहीत नव्हतं. पण कारण लिहावं लागतं हो. नाहीतर पुढचं सगळं अडतं." मग हलक्या आवाजात, "बाहेर काढा मला."

त्यांना पट्टे सोडता येईनात. बोटं नुसती बकलावर चाचपडत होती. इतर माणसं इकडेतिकडे पाहू लागली. तिने मात्र नजर हलवली नाही. हे तिला बघायचं होतं. पोटभर बघितलं.

उड्डाण थांबलं. कॅप्सूल पूर्ण उघडून तपासायची ठरली. निघताना अंतराळवीरांमधली बाई तिला दारात गाठून म्हणाली, "पुढच्या वेळेपर्यंत माझं वय निघून जाईल, वहिनी. तुमचे आभार मानू की शिव्या देऊ?"

"शिव्या द्या. तुमचा विचार मनात नव्हता माझ्या."

ती बाई शिव्या न देता निघून गेली. ते वहिनींना जास्त लागलं.

घरी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिने उभ्याउभ्याच सांगितलं.

"हात घसरला नव्हता म्हणाला साहेब?"

"नाही. माहीत नाही म्हणाला. तेव्हाही माहीत नव्हतं."

"एवढंच?"

"एवढंच, आई."

सासूबाईंच्या हातातली घडी विस्कटली. "मी माझ्या लेकाला मनातल्या मनात धांदरट म्हणत आले गं. इतकी वर्षं. लहानपणी नव्हता, पण म्हटलं, झाला असेल."

तिने साहेबांची चाचपडणारी बोटं आठवून बघितली. त्यातून आता काही मिळेना.

सासूबाई उठल्या. केस नीट केले, चपला पायात घातल्या. शेजारच्या बाईंनी समाचाराला येऊन 'हात घसरला म्हणे' असं म्हटल्यापासून त्या घराची पायरी त्यांनी चढली नव्हती.

"मी येऊ बरोबर?"

"नको. माझं मी सांगते."

भिंतीपलीकडे बेल वाजली. दार उघडलं. मग सासूबाईंचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. पण आवाज कुठे अडत नव्हता. विस्कटलेला कपडा तिने हातात घेतला आणि भिंतीला टेकून ऐकत राहिली.