पहिला मांडा

माझी सून स्वप्नाली नाशिकची. लग्नाला वर्ष होत आलं, पण आमच्या कोरीट गावात तिचं नाव झालं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी, आणि तेही कशानं, तर पास्त्यानं. रव्याची कणीक मळली, खालची ओट्याची फरशी दिसावी एवढी पातळ लाटली, सुरीनं पट्ट्या कापल्या आणि माझ्या शेवयांच्या खाटेवर पसरल्या. अहो, शेवयाच त्या! जरा रुंद कापल्या म्हणून काय आभाळातून उतरल्या? पण गल्लीतल्या बाया बघायला आल्या. टमाटे-लसणात परतून तिनं त्या वाढल्या, तर माझा मुलगा ईश्वर, ज्यानं माझ्या हातच्या कशाला कधी बरं म्हटलं नाही, तो बोटं चाटत बसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तरी म्हटलं, करू दे थेरं. आखाजीला मांडे करायचे असतात, आणि मांडे म्हणजे मी. पुरणाचा उंडा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा, हे गल्लीत माझ्यासारखं कुणाला जमत नाही. पहिला मांडा पितरांचा. त्याचा घास तूप घालून निखाऱ्यावर टाकतात, ती आगारी. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. तिन्ही वर्षं त्यांच्या नावाचा पहिला मांडा मीच टाकला.

आखाजीच्या आदल्या दिवशी यांची थोरली बहीण, धनुबाई जिजी, माहेरपणाला आली. दात गेलेले, म्हणून स्वप्नालीनं पुन्हा केलेला मऊ पास्ता तिला फारच गोड लागला. खाऊन झाल्यावर मला म्हणाली, "कौसा, औंदा पहिला मांडा सूनना हातना होऊ दे."

मी हसून होकार दिला. आत मात्र चूल पेटली होती. माझ्या नवऱ्याचा घास, आणि तो कालच्या पोरीच्या हातचा?

मांड्याचं पीठ वेगळं असतं. गहू धुऊन, रात्रभर ओलवून, दळून, साडीच्या फडक्यातून गाळायचं, तेव्हा ती कणीक रबरासारखी ताणते. ते पीठ माझ्या निळ्या डब्यात होतं. सकाळी स्वप्नालीनं विचारलं, तेव्हा मी तिच्यापुढे पोळ्यांच्या पिठाचा पितळी डबा सरकवला. तिनं चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि जरा जाडसर वाटतंय का, असं हळूच विचारलं. तू आता मला पीठ शिकव, म्हणाले मी. ती मळायला बसली. निळ्या डब्यातली कणीक मी पहाटेच तिंबून, ओल्या फडक्याखाली मागच्या खोलीत झाकून ठेवली होती.

पुढे व्हायचं तेच झालं. उंडा तिच्या हातावर वीतभर वाढला आणि मधोमध फाटला. दुसराही तसाच. तिसरा कसाबसा खापरावर पडला, तर पुरण बाहेर येऊन करपलं, घरभर धूर झाला. पितरांना फाटका मांडा चालत नाही, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत आगारी व्हायला हवी. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फार बरं वाटलं.

जिजी ओरडली, "कोनता डबामाइन पीठ लिधं वं?"

आता सून माझं नाव घेणार, म्हणून मी ओठांवर उत्तरही तयार ठेवलं होतं. स्वप्नाली धुरानं लाल झालेले डोळे पुसत म्हणाली, "माझं चुकलं आत्याबाई. मी डबा नीट बघितला नाही."

जिजी बराच वेळ बडबडत राहिली. शिकलेल्या पोरींना चूल कळत नाही, असंही म्हणाली. मी मागच्या खोलीतून माझी कणीक आणली. फडकं काढलं तेव्हा स्वप्नालीनं ती पाहिली. एवढी तिंबलेली कणीक काही घटकाभरात होत नाही, हे तिला कळायला वेळ लागला नाही. तरी ती नुसती चुलीत काटकी सारत बसली. मी खाली वाकून तिलाच ऐकू जाईल असं विचारलं, "तुला पिठाला हात लावताच कळलं होतं ना?"

"हो."

"मग मळलंस कशाला?"

"तुम्ही दिलं होतं म्हणून."

उंडा माझ्या हातात होता. निखारे तयार होते, यांच्या नावाची घागर भरून ठेवलेली होती. त्यांच्यापुढे हा मांडा मी कोणत्या तोंडानं ठेवणार होते? जिजीला हाक मारली आणि सांगून टाकलं, डबा मी दिला होता, मुद्दाम दिला होता.  मी उंडा स्वप्नालीच्या हातावर ठेवला आणि टाक म्हटलं.

तिनं झेलला. आधी जरा घाबरत, मग हात सैल सोडून. मांडा कोपराच्या पुढे गेला, कुठे भोक नाही, की जाड कड नाही. खापरावर पडला तो सगळीकडे सारखा भाजला. जिजी जवळ येऊन बघत म्हणाली, "तुन्हापेक्षा बारीक शे कौसा."

होता. मी त्याचा घास मोडला, तूप घातलं, यांचं नाव घेतलं आणि निखाऱ्यावर टाकला. आणि देवाशपथ सांगते, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटत होता. मांड्याचा नाही. तिच्या जागी मी असते, तर पहिल्याच आरडाओरड्यात सासूचं नाव सांगून मोकळी झाले असते.